जिन्यातले पेशंट

हळदीकुंकवाला गेले आणि कुणी ओटीबरोबर आपली शुगरही माझ्या पदरात टाकली नाही, असं चेन्नईतल्या इतक्या वर्षांत एकदाही झालेलं नाही. मी डॉक्टर आहे. वेस्ट मांबलममध्ये तळमजल्यावरच्या एका खोलीत माझा दवाखाना आहे. दारावर तमिळ आणि इंग्रजीत पाटी आहे, आत भिंतीला लागून एक लांब बाक आहे, टोकन देणारी बाई आहे, वजनकाटा आहे, पडद्याआड तपासणीचं टेबल आहे. हे सगळं आमच्या मराठी मंडळींना नीट माहीत आहे. फक्त तिथे यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवून टाकलंय.

आपलीच डॉक्टर असताना रांगेत कशाला बसायचं? म्हणून मग मला जिन्यात गाठायचं. भाजीच्या गाडीपाशी गाठायचं. मांबलम स्टेशनच्या पुलावर, माणसांची रेटारेटी चाललेली असताना, "ताई, बरं झालं भेटलात," म्हणून रिपोर्ट काढून दाखवायचे. एकदा गणपतीच्या आरतीत माझ्या हातात निरांजन होतं, आणि शेजारचे एक बँकेतले गृहस्थ टाळ्या वाजवता वाजवता मला आपल्या जुलाबांचा रंग सांगत होते. मी 'जय देव जय देव' म्हणत होते आणि ते उत्तराची वाट बघत होते.

माझ्या तमिळ पेशंटांचं असं नाही. फुलवाली असो की शाळेतली हेडमिस्ट्रेस, टोकन घेते, बाकावर बसते, आपली पाळी आली की आत येते. मी तिचं बीपी बघते, पाठीवर स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकते, पायांची सूज बोटानं दाबून बघते. म्हणजे परक्यांना मी पूर्ण तपासते, आणि माझी स्वतःची माणसं पदराआडून नाहीतर शर्टाच्या बटणांवरून औषध मागतात. याचा मला भयंकर राग येतो. माझे यजमान ओरगडमच्या गाडीच्या कारखान्यात आहेत, पहाटेच कंपनीच्या बसनं जातात, त्यामुळे या भानगडीतून सुटतात. ते म्हणतात, "तू सांगू नकोस ना मग." सांगितलं नाही तर डॉक्टरीण शेफारली म्हणतात, हे त्यांच्या कानावर येत नाही.

या सगळ्या जिन्यातल्या पेशंटांचे म्होरके होते काका.

काका माझे सख्खे कुणी नव्हते. केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेले, तरुणपणी बदली होऊन चेन्नईत आले ते इथलेच झाले. आमच्या मंडळाचा गणपती त्यांच्याशिवाय बसत नसे आणि संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्याशिवाय उरकत नसे. मी लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. दवाखान्याची खोली काकांनी शोधली, मालकाशी घासाघीस त्यांनी केली, पाटी स्टुलावर चढून त्यांनी ठोकली. उद्घाटनाच्या दिवशी दुपार झाली तरी कुणी फिरकेना, तेव्हा कोपऱ्यावरच्या इडलीवाल्या बाईला गुडघे दुखतात म्हणून हाताला धरून घेऊन आले. मुलीसारखं केलं माझं. पण स्वतः त्या बाकावर कधी बसले नाहीत. बीपी होतं, शुगर होती, वडील हृदयविकारानं गेलेले. औषधं मी दिलेली, पण तपासणी म्हणजे त्यांच्या घरी चहाचा कप बाजूला सारून, झोपाळ्याच्या कडीच्या कुरकुरीत जेवढी होईल तेवढी. ईसीजी काढू म्हटलं की, "काढू की, पळतोय का मी कुठे?"

त्या वर्षी डिसेंबरात काकूचा फोन आला. "यांना जरा कणकण आहे गं. सळी झालीय. एखादी गोळी सांग." सळी म्हणजे तमिळमध्ये कफ, काकूचा कफ कधीच तमिळ झाला होता. मार्गळी महिन्यातल्या त्या थंड पहाटा, आणि काका फक्त सदरा घालून फिरायला जाणार. मी गोळी सांगितली नाही, उठून गेले. काका झोपाळ्यावरच होते, शाल गुंडाळून, आणि एक वाक्य बोलायला दोनदा श्वास घेत होते. उजव्या बाजूला खाली कानात चुरचुर ऐकू आली. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघाला. मोठ्या इस्पितळात ठेवावं लागलं. तिथले छातीचे डॉक्टर चांगले होते, औषध लागू पडलं, ताप उतरला, नव्या वर्षाच्या सुरुवातीला काका घरी आले. दुसऱ्या एक्स-रेत फुप्फुस साफ दिसलं.

घरी सोडण्याच्या दिवशी मी त्या डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, "यांना बीपी आहे, शुगर आहे. आता पुढचे काही आठवडे हृदयाकडे कोण बघणार?"

"हृदयाची काही तक्रार आहे का?"

"नाही."

"मग?"

ते उद्धटपणे बोलले नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं की मी काय विचारतेय. त्या 'मग?'वर मी आजही मनातल्या मनात भांडत असते. मग मी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तक्रार असेल तेव्हा पाठवा. एकाच छातीत दोघं भाऊ राहावेत आणि वाटण्या झाल्यामुळे एकमेकांच्या खोलीत डोकावू नये, तसं हे चाललं होतं. मधली भिंत काही शरीरानं बांधलेली नाही. छातीत जोराचा जंतुसंसर्ग झाला की सगळ्या अंगाला त्याची आग लागते, रक्त गोठायला उतावीळ होतं, आधीच चिंचोळ्या झालेल्या रक्तवाहिन्यांमधला चरबीचा साका फुटायला निमित्त मिळतं. आणि ताप उतरला म्हणून हे त्याच दिवशी थांबत नाही. खोकला बरा झाल्यावरचे आठवडे हेच खरे सांभाळायचे. तेव्हा वैद्यकीय मासिकांतून हे यायला लागलं होतं, आणि मासिकं बाजूला ठेवा, माझ्यासारखी गल्लीतली डॉक्टर ते डोळ्यांनी बघत होती. हिवाळ्यात खोकल्यानं आलेला म्हातारा माणूस पुढच्या महिन्यात हार्ट अटॅकनं गेल्याचं त्याची सून सांगायला यायची. पण गल्लीतल्या डॉक्टरनं मोठ्या इस्पितळाला काय शिकवायचं?

ते राहू दे. मी काकांना शिकवू शकत होते, असं मला वाटलं होतं.

मी त्यांच्या घरी गेले आणि सगळं नीट सांगितलं. सामान उचलायचं नाही. जिने चढायचे नाहीत. गोळ्या चुकवायच्या नाहीत. दवाखान्यात येऊन ईसीजी काढायचा, म्हणजे उद्या काही झालं तर ताडून बघता येईल. काका हसले. "मला झाला खोकला आणि तू हृदयाच्या गोष्टी करतेस. आता दोन्हींचा काय संबंध?"

"शेजारी राहतात ते, काका."

"शेजाऱ्याला ताप आला म्हणून आपण झोपून राहतो का?"

काकू हसली. मी हसले नाही. मी गोळ्यांचा डबा मागितला, तर बीपीची पट्टी आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळीची पट्टी, दोन्ही जवळजवळ भरलेल्या. इस्पितळातून आल्यापासून काकूनं त्या बंद ठेवल्या होत्या. विचारलं तर अगदी शांतपणे म्हणाली, "अगं, एवढी कडक औषधं चाललीयत पोटात, त्यात या कशाला? उष्ण पडतं सगळं. खोकल्याचं संपलं की सुरू करू."

मी कपाळावर हात मारून घेतला. हा उपद्व्याप आमच्याकडे घरोघरी चालतो. नवं औषध आलं की रोजचं औषध पाहुण्याला जागा करून दिल्यासारखं उठून बाजूला बसतं. ज्या दिवसांत त्या गोळ्यांची सगळ्यात जास्त गरज, नेमकं त्याच दिवसांत. आणि हे डॉक्टरला विचारायचं नाही, कारण डॉक्टर घरचीच आहे, तिला काय विचारायचं. मी माझ्या हातानं काकांना गोळ्या दिल्या. काकूला दोनदा समजावलं. ती "बरं, बरं" म्हणाली. आमच्याकडे 'बरं' हा विषय बंद करायचा शब्द आहे, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी फोन करून विचारत राहिले. ती म्हणायची, दिल्या.

"ईसीजीला कधी येताय?" मी जाताना विचारलं.

"संक्रांत झाली की येतो."

"मी मशीन घरी आणते."

"आणि घरात अतिदक्षता विभाग थाटतेस? काकूची झोप उडेल. येतो म्हटलं ना."

मग भोगी आली. आमची भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. इथली भोगी म्हणजे पहाटे दारापुढे जुन्या चटया, फाटके कपडे, मोडक्या टोपल्या पेटवायच्या, आणि त्या काळी कुणी सायकलचे टायरही टाकायचं. सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारत दिसत नव्हती. अशा धुरात काका संक्रांतीच्या हॉलचं बघायला बाहेर पडले. दिवसभर खोकले. मी फोनवर ओरडले, तेव्हा म्हणाले, "धुराचा खोकला आहे, आजाराचा नाही." जसा काही छातीला तो फरक कळतो. पोंगलच्या सुट्ट्यांमुळे अर्ध्या गोष्टी बंद होत्या. माझा दवाखाना उघडा होता. सुट्टीच्या दोन्ही संध्याकाळी मी त्यांची वाट बघितली.

रविवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं. हॉल पहिल्या मजल्यावर. मी पोचले तेव्हा काका जिन्यात होते, हातात वाणाच्या स्टीलच्या वाट्यांचा खोका. मी तो खोका हिसकावून घेतला. त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाले, "अशक्तपणा गं. आजारातून उठलोय, जायला वेळ लागणारच." वर उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. अशक्तपणा. न्यूमोनियानंतर माणसाला दम लागला तर त्याला दुसरं कुठलं कारण असूच शकत नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. जो आजार बरा झाला होता तोच आता पुढच्या आजाराला पांघरूण घालत होता. मी म्हटलं, आत्ता माझ्याबरोबर चला. काका म्हणाले, बायका आल्यात, तू वर जा, कुंकू लावून घे, कार्यक्रम झाला की लगेच जाऊ. आणि मला चार बायकांनी हाताला धरून वर नेलं.

अर्धा तास झाला असेल नसेल. वेलचेरीहून आलेली एक आयटीतली मुलगी माझ्यापाशी वाकून म्हणाली, "मॅम, काकांना ॲसिडिटी झालीय. त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय की काय घेऊ. ओवा दिलाय आम्ही. सोडापण दिलाय."

म्हणजे त्या क्षणीसुद्धा निरोप. स्वतः छाती धरून बसलेला माणूस, मी वीस पावलांवर, आणि मधे निरोप्या.

मी मागच्या खोलीत धावले. काका गुंडाळलेल्या सतरंजीवर बसले होते. पंखा चालू होता आणि सदरा पाठीला चिकटला होता. "खोकून खोकून बरगड्या धरल्यात गं," ते म्हणाले. मी नाडीवर बोटं ठेवली.

"उठा. इस्पितळात."

"तिळगूळ वाटून होऊ दे."

मग मी ओरडले. हॉलमधल्या बायका बोलायच्या थांबल्या इतकी ओरडले. "काका, मी आत्ता तुमची लेक नाही. मी डॉक्टर आहे. एक शब्द बोलायचा नाही." आजवर त्यांच्याशी मी असं बोलले नव्हते. ते माझ्याकडे बघत राहिले, मार खाल्लेल्या मुलासारखे. मी हॉलमध्ये येऊन विचारलं, रक्त पातळ करायची गोळी कुणाच्या पर्समध्ये आहे? किती पर्सांचे बंद उघडले काय सांगू. ज्या कधी दवाखान्यात आल्या नव्हत्या त्या सगळ्यांकडे माझ्याच तोंडून जिन्यात ऐकलेली गोळी होती. काकांनी ती चावली. चौघांनी त्यांना खुर्चीवर बसवून खाली नेलं, त्या वेलचेरीच्या मुलीच्या नवऱ्यानं गाडी काढली. रस्त्यात पोंगलच्या सुट्टीची गर्दी होती. काकू मागच्या सीटवर त्यांचा हात चोळत होती आणि मला विचारत होती, "ॲसिडिटीच ना गं?"

संध्याकाळी काका गेले.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं मला सगळं विचारलं. सिगारेट? शुगर? बीपी? घरात कुणाला? मी म्हटलं, याच इस्पितळात परवा-परवापर्यंत न्यूमोनिया घेऊन होते. तो म्हणाला, "ते बरं झालं होतं ना, मॅडम?" आणि लिहिलं नाही. मला त्याचा हात धरून लिहायला लावावंसं वाटलं. काकूला मागून जो कागद मिळाला त्यात हार्ट अटॅक होता, मधुमेह होता, वय होतं. खोकला कुठेच नव्हता. तो जणू दुसऱ्याच माणसाला झाला होता.

मग लोक बोलायला लागले. धुराचं निमित्त झालं, म्हणाले. आजारानं खचलेच होते, म्हणाले. सगळ्यात मला कुठलं ऐकवलं नाही तर, "संक्रांतीचं हळदीकुंकू करून गेले, पुण्यवान माणूस." पुण्यवान कसले? जगायला हवे होते. अजून खूप वर्षं झोपाळ्यावर बसून माझी टिंगल करायला हवे होते. मी समजावत सुटले. ज्याला त्याला धरून सांगायची, छातीचा आजार झाला की पुढे हृदय सांभाळा, रोजच्या गोळ्या बंद करू नका. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुम्हाला लागलंय ते मनाला." म्हणजे मी डॉक्टर म्हणून बोलले तरी ऐकू जायचं ते शोकाकुल बाईचं बोलणं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर बायका काकूभोवती बसल्या होत्या. काकू खोकत होती. रडून नव्हे, छातीतून खोकत होती. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "ताई, काकूंना काहीतरी सांगा ना खोकल्याचं."

मी म्हटलं, "नाही सांगणार. उद्या संध्याकाळी दवाखान्यात यायचं, टोकन घ्यायचं. इथून पुढे मी जिन्यात, हॉलमध्ये, तेराव्याला कुणालाही औषध सांगणार नाही."

"प्रसंग तरी बघावा," एक जण हळूच बोलली, मला ऐकू येईल एवढ्याच हळू. मी चप्पल घातली आणि घरी आले. यजमानांना काही सांगितलं नाही. जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोकनवाली बाई आत येऊन म्हणाली, त्या मराठी मामी आल्यात, मी आधी आत सोडते म्हटलं तर ऐकत नाहीत. मी पडदा सरकवून बघितलं. काकू बाकाच्या टोकाला बसली होती, हातात टोकन धरून, कडेवर मूल घेतलेल्या एका बाईच्या शेजारी. तिची पाळी यायला बराच वेळ लागला. मधल्या पेशंटांना मी काय सांगितलं ते मला आठवत नाही.

ती आत आली, स्टुलावर बसली, इकडेतिकडे बघितलं. इतक्या वर्षांत ती खोली तिनं आतून बघितलीच नव्हती.

"तपास," ती म्हणाली. "नीट तपास."

मी तिचा श्वास ऐकला. पाठीवर, कुशीत, पुन्हा पाठीवर. बीपीचा त्रास तिलाही होताच; घेतलं, तर ते चढलेलं होतं.

"हे कधी यायचे नाहीत ना इथे," काकू म्हणाली. "मी म्हणायचे, जा की, पोर बोलावतेय. तर म्हणायचे, तिच्यासमोर रांगेत जाऊन बसलो तर तिला वाटेल आपण परके झालो. एवढ्या लांब आलीय, एक घर तरी असू दे तिला."

इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस भिंतीवर फोटोत जाऊन बसला होता. मी कफाचं औषध लिहिलं. लिहिता लिहिता सवयीनं विचारलं, "बीपीची गोळी घेतलीत ना आज?"

काकू वजनकाट्याकडे बघायला लागली.

"काकू?"

"शेजारच्या पोरीनं खोकल्याचं आणून दिलं होतं परवा," ती पदराशी चाळा करत म्हणाली. "म्हटलं, ते संपलं की सुरू करावी."

मी पेन खाली ठेवलं. टोकनवाल्या बाईला समोरच्या औषधांच्या दुकानातून ती गोळी आणायला पाठवलं, पाण्याचा ग्लास काकूपुढे ठेवला, आणि तिनं ती माझ्यासमोर गिळेपर्यंत पुढच्या पेशंटला आत घेतलं नाही.